गॅसचा बंब पेटतो कसा?

वऱ्हाडाचा लौकिक उन्हाळ्याचा. अमरावती-अकोल्याकडील उन्हाची जितकी चर्चा होते, तितकी तेथील थंडीची होत नाहीं. परंतु मार्गशीर्ष-पौषांतील पहाट बडनेऱ्यासही चांगलीच बोचते. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील हें जंक्शन. अमरावतीकडे जाणारा फांटा येथूनच फुटतो. गाडीच्या वेळेवर ज्यांचा दिवस सुरू होतो, अशा घरांत उजाडण्यापूर्वींच ऊन पाण्याची निकड लागते. पूर्वीं ही निकड तांब्याचा बंब भागवीत असे. मधोमध उभी नळी, तिच्या भोंवतीं पाणी, तळाशीं जाळी आणि जाळीखालीं राख. नळींत बाभळीच्या ढलप्या, पऱ्हाट्या किंवा तुराट्या टाकावयाच्या आणि वरच्या तोंडांतून धूर निघून जावयाचा. हा बंब बहुधा परसांत किंवा मागील पडवींत असे. त्याला नियंत्रण असें निराळें कांहीं नव्हतें; घरांतील एक जागें माणूस हेंच त्याचें नियंत्रण. पाणी भरलें आहे कीं नाहीं हें तेंच पाही, विस्तव धरला कीं नाहीं हेंही तेंच पाही आणि धूर डोळ्यांत जाऊं लागला म्हणजे आपोआपच दूर सरे.

आतां पुष्कळ घरांत बंबाची जागा गॅसच्या गीझरनें घेतली आहे. सिलिंडरांतील द्रवरूप गॅस १९५० नंतरच्या दशकांत मुंबईसारख्या शहरांत घरगुती वापरासाठीं मिळूं लागला आणि पुढें तो लहान गांवांपर्यंत पोंचला. प्रथम तो स्वयंपाकघरांत आला, मागाहून न्हाणीघरांत. या स्थित्यंतरांत दोन गोष्टी बदलल्या. परसांतील विस्तव चार भिंतींच्या आंत आला, ही एक. आणि विस्तवावर नजर ठेवणाऱ्या माणसाच्या जागीं एक लहानशी पेटी आली, ही दुसरी. तोटी फिरविली कीं आंत टिक्‌ टिक्‌ असा आवाज होतो, भप्‌कन् ज्योत पेटते आणि पाणी ऊन येऊं लागतें. या चार-पांच सेकंदांत ती पेटी काय काय करते, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे काय करीत नाहीं, हें प्रत्येक गृहस्थानें व गृहिणीनें समजून घेतलें पाहिजे.

आरंभीं नांवाची थोडी हकीकत. आइसलंड बेटांत जमिनींतून उकळत्या पाण्याचें कारंजें उडविणारा गेसिर नांवाचा एक झरा आहे. १८६८ सालीं लंडनमधील बेंजामिन वॉडी मॉन या रंगारी व्यवसायाच्या गृहस्थानें वाहतें पाणी गॅसवर तात्काळ तापविणारें यंत्र काढलें आणि त्याला त्या झऱ्यावरून ‘गीझर’ हें नांव दिलें. या यंत्राला धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. अशीं जुनीं यंत्रें हातानें पेटवावीं लागत. आधीं पाणी सोडावयाचें, मग काडी ओढावयाची, मग गॅस सोडावयाचा, हा क्रम माणसानें ध्यानांत ठेवावयाचा असे. पाणी सोडण्यापूर्वीं गॅस पेटविला, तर कोरडीं नळकांडीं जळून जात. गॅस आधीं सोडला आणि काडी मागाहून शोधली, तर स्फोट होई. आजच्या गीझरमधील नियंत्रणाचें सारें मर्म यांतच आहे. जो क्रम माणसाच्या स्मरणावर अवलंबून होता, तो यंत्राच्या रचनेंतच बांधून टाकला आहे. मागील पायरी पूर्ण झाल्याचा पुरावा मिळाल्यावांचून पुढील पायरी चढावयाची नाहीं, हा त्याचा नियम होय.

हा नियम इतका कडक कां, हें गॅसचा स्वभाव पाहिला म्हणजे कळतें. सिलिंडरांतील गॅस हा मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन या दोन वायूंचें मिश्रण असतो. तो हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. म्हणून गळूं लागला तर वर न जातां पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो आणि मोरीच्या खळग्यांत सांचून राहतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा दोनच्या आसपास झालें कीं मिश्रण पेट घेण्याजोगें होतें, आणि शेंकडा नऊच्या सुमारापर्यंत तें तसेंच राहतें. या वायूंना स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती ध्यानांत यावी म्हणून त्यांत मुद्दाम उग्र वासाचें द्रव्य मिसळतात. तात्पर्य, न जळलेला गॅस एकाद-दोन क्षणांहून अधिक काळ बाहेर पडूं देणें धोक्याचें आहे.

आतां क्रमानें पायऱ्या पाहूं. पहिली पायरी पाण्याची. गीझरच्या तळाशीं, जेथें थंड पाणी आंत शिरतें तेथें, एक चपटी डबी असते आणि तिच्या मधोमध एक रबरी पडदा ताणलेला असतो. पाणी वाहूं लागलें म्हणजे पडद्याच्या एका अंगास दाब अधिक व दुसऱ्या अंगास कमी होतो. या फरकानें पडदा फुगतो आणि आपल्याबरोबर एक लहान दांडी पुढें ढकलतो. ती दांडी दोन कामें करते. गॅसच्या वाटेवरील पहिली झडप ती उघडते आणि विजेचा एक खटका दाबते. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, नळींत नुसतें पाणी असून भागत नाहीं. तें वाहिलें पाहिजे. उभें पाणी दोन्ही अंगांस सारखाच दाब देतें, म्हणून पडदा हलत नाहीं. साधारणपणें मिनिटास दोन-अडीच लिटर पाणी वाहिल्याखेरीज बहुतेक लहान गीझर पेटत नाहींत.

दुसरी पायरी ठिणगीची. खटका दाबला जातांच नियंत्रक पेटी जागी होते. तिला बहुधा दीड-दीड व्होल्टच्या दोन सेलांची शक्ति पुरते. एवढ्या अल्प शक्तींतूनच पेटी क्षणोक्षणीं कित्येक हजार व्होल्टांचा दाब निर्माण करते आणि बर्नरजवळील सुईच्या टोंकाशीं ठिणग्या पाडते. टिक्‌ टिक्‌ आवाज येतो तो हाच. त्याच वेळीं पेटी गॅसच्या वाटेवरील दुसरी झडप उघडते. ही झडप विद्युत्-चुंबकावर चालते. म्हणजे गॅसच्या वाटेवर एकीमागें एक असे दोन पहारेकरी उभे आहेत. पहिला पाण्याचें ऐकतो, दुसरा पेटीचें. आणि दोघांनींही वाट दिल्याशिवाय गॅस बर्नरपर्यंत पोंचत नाहीं.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, ती ज्योतीच्या साक्षीची. ठिणगी पडली आणि गॅस सुटला, एवढ्यावरून ज्योत पेटलीच असें म्हणतां येत नाहीं. वाऱ्याची झुळूक आली असेल, गॅसच्या नळींत हवा राहिली असेल, ठिणगी भलत्याच ठिकाणीं पडली असेल. म्हणून बर्नरवर दुसरी एक सुई बसविलेली असते. तिचें टोंक ज्योतींत बुडेल अशी तिची जागा असते. तापलेल्या ज्योतींत विद्युत्-भारित कण असतात आणि त्यामुळें ज्योतींतून अत्यल्प वीज वाहूं शकते. हा प्रवाह एका अँपिअरच्या दशलक्षांशांनीं मोजण्याइतका सूक्ष्म असतो. पण तो मिळाला कीं पेटीची खात्री पटते. ती ठिणग्या थांबविते आणि झडप उघडी ठेवते. कांहीं सेकंदांच्या मुदतींत ही साक्ष मिळाली नाहीं, तर ती झडप बंद करून स्वस्थ बसते.

येथें एक शंका संभवते. ओलाव्यांतूनही वीज वाहते. न्हाणीघराच्या दमट हवेंत सुईवर पाणी जमलें, तर पेटी फसणार नाहीं काय? त्यावर योजलेली युक्ति मोठी मार्मिक आहे. सुई लहान आणि बर्नरचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळें ज्योतींतून एका दिशेनें वीज सुलभतेनें वाहते व उलट दिशेनें फारच थोडी. ओलाव्यांतून मात्र ती दोन्ही दिशांनीं सारखीच वाहते. चांगल्या नियंत्रकांत सुईला दिशा पालटणारा प्रवाह देतात आणि एकाच दिशेनें तो परत आला तरच तो ज्योतीचा, असें मानतात.

ज्या यंत्रांत एक लहान ज्योत सतत तेवत ठेवलेली असते, त्यांत साक्षीची रीति निराळी. १८२१ सालीं सीबेक या शास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, दोन भिन्न धातूंच्या सांध्यांपैकीं एक तापविला व दुसरा थंड ठेवला, तर विद्युत्-प्रभाव उत्पन्न होतो. असा सांधा लहान ज्योतींत धरला कीं सुमारें पंचवीस-तीस मिलिव्होल्टांचा दाब मिळतो, आणि तेवढ्यावर चुंबकाची झडप उघडी राहते. ज्योत विझली, सांधा निवला, कीं झडप आपोआप मिटते. मात्र सांधा तापावयास वेळ लागतो. म्हणून अशा यंत्राचें बटण पेटवितांना अर्धें-एक मिनिट दाबून धरावें लागतें. पुष्कळांना हें यंत्राचें दुखणें वाटतें. वस्तुतः ती त्याची सावधगिरी आहे.

यापुढील काम पहाऱ्याचें. पाणी फार तापलें तर एक उष्णतामापक खटका गॅस तोडतो. अनेक गीझरांत सुमारें वीस मिनिटें सतत चालल्यावर यंत्र आपण होऊन बंद पडतें. तोटी बंद केली कीं पडदा सैल पडतो, दांडी मागें येते आणि दोन्ही झडपा मिटतात.

एवढें समजलें म्हणजे घरांतील नेहमींच्या तक्रारींचा उलगडा होतो. वरच्या मजल्यावर गीझर पेटत नाहीं आणि खालीं मात्र पेटतो, याचें कारण बहुधा गच्चीवरील टांकीची उंची अपुरी पडते. पाण्याचा झोत पडद्याला पुरेसा रेटा देत नाहीं. अमरावती-बडनेऱ्यास अप्पर वर्धा धरणाचें पाणी येतें. पण विहिरीचें किंवा बोअरचें पाणी वापरणारीं घरेंही कांहीं थोडीं नाहींत. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत तर पाण्याच्या खारटपणाचा अनुभव गांवोगांव आहे. जड पाण्यांतील क्षार तापतांच तांब्याच्या नळ्यांत पुटें धरतात आणि पाण्याची वाट अरुंद होते. कोठें पाण्याच्या जाळींत रेती अडकते. टिक्‌ टिक्‌ मंद झाली, तर सेल संपत आले असें समजावें. ज्योत पेटते आणि दोन-चार सेकंदांतच विझते, असें वारंवार होऊं लागलें तर साक्षीच्या सुईवर काजळी धरली असण्याचा किंवा ती जागची हलली असण्याचा संभव असतो.

अशा वेळीं दोन गोष्टी कटाक्षानें टाळाव्या. पहिली म्हणजे, एकामागून एक पेटविण्याचा प्रयत्न करीत राहणें. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नांत थोडा न जळलेला गॅस बाहेर पडतो. दोनदां पेटला नाहीं तर तोटी बंद करावी, दार-खिडकी उघडावी आणि कांहीं मिनिटें थांबावें. दुसरी गोष्ट अधिक घातुक. ‘सुई त्रास देते’ म्हणून तिच्या तारा जोडून किंवा झडपेला बगल देऊन यंत्र चालतें करून देणारे कारागीर भेटतात. यंत्र तेव्हां चालतें खरें; पण ज्या साक्षीवर त्याची सारी सुरक्षितता उभी आहे, ती खोटी झालेली असते. दुरुस्ती जाणत्याकडूनच करवावी आणि काम झाल्यावर साक्षीची सुई जागच्या जागीं आहे ना, एवढें विचारून घ्यावें.

परंतु ज्याचीं सर्व नियंत्रणें बिनचूक चालतात, असा गीझरही माणसाचा जीव घेऊं शकतो; आणि या विषयाचें गांभीर्य तेथेंच आहे. वर सांगितलेला सारा बंदोबस्त न जळलेल्या गॅसविरुद्ध आहे. ज्योत आहे कीं नाहीं, एवढेंच पेटी विचारते. ती ज्योत कोणत्या हवेवर जळते आहे आणि जळून काय बाहेर टाकते आहे, हें तिला कळत नाहीं.

थोडा हिशेब करून पाहावा. मिनिटास सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनीं तापविणारा लहान गीझर तासाला एक किलोच्या आंतबाहेर गॅस जाळतो. एक किलो गॅस पूर्ण जळण्यास सुमारें बारा घनमीटर हवा लागते. म्हणजे वीस मिनिटांच्या स्नानास चार घनमीटर हवा खर्ची पडते. न्हाणीघर दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब व अडीच मीटर उंच धरलें, तर त्यांत हवा मावते साडेसात घनमीटर. दार लावलेलें आणि थंडी नको म्हणून खिडकींत पोतें कोंबलेलें असेल, तर एका स्नानांत अर्ध्याहून अधिक हवा ज्योतींतून जाऊन येते. मागोमाग दुसरें माणूस आंत शिरतें, तोटी पुन्हां उघडते आणि यंत्राचीं वीस मिनिटें नव्यानें मोजलीं जातात; शिळी हवा मात्र तीच राहते.

स्वच्छ हवेंत शेंकडा एकवीस भाग प्राणवायु असतो. तो दोन-तीन भागांनीं जरी उतरला, तरी ज्योत नीट जळत नाहीं आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु बनूं लागतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. डोळ्यांस झोंबतही नाहीं. रक्तांतील ज्या तांबड्या द्रव्यावर प्राणवायु वाहून नेण्याचें काम असतें, त्या द्रव्याशीं हा वायु प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक ओढीनें चिकटतो. प्रथम डोकें जड होतें, मळमळतें, पाय लटपटतात. ऊन पाण्यानें घेरी आली असें माणसास वाटतें. कडी काढण्याचें सुचावें, तोंवर हातांतील बळ गेलेलें असतें. परसांतील बंबाचा धूर माणसास आपण होऊन दूर सारी. हा वायु कसलीच सूचना देत नाहीं. हिवाळ्यांत बंद न्हाणीघरांत मनुष्य दगावल्याच्या ज्या बातम्या येतात, त्यांपैकीं अनेकींचें मूळ येथें असतें.

मग नियंत्रणाच्या क्रमांत हवेचीही साक्ष घेतां येणार नाहीं काय? येते, आणि थंड देशांत ती घेतातही. अमेरिकेंत व कॅनडांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरांत, बहुधा तळघरांत, गॅसची भट्टी असते. ती सारें घर ऊन ठेवते. तिचा आरंभक्रम पाहण्यासारखा आहे. घर निवलें आहे असें भिंतीवरील तापनियंत्रकानें कळविलें तरी भट्टी लगेच पेटत नाहीं. प्रथम एक लहान पंखा सुरू होऊन आंतील जुनी हवा धुराड्यावाटे बाहेर लोटतो. हवा खरोखर वाहूं लागली कीं नाहीं, हें दाबावर चालणारा एक पडदा पाहतो. त्याची साक्ष मिळाली तरच पुढें पेटविणारी कांडी लाल होते, मग गॅसची झडप उघडते, मग सुई ज्योतीची साक्ष देते आणि कांहीं वेळानें मोठा पंखा ऊन हवा खोल्याखोल्यांत पाठवितो. धुराडें पानांनीं किंवा बर्फानें बुजलें असेल, तर पडदा साक्ष देत नाहीं आणि भट्टी पेटतच नाहीं. तेथेंही घरोघर कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा लावतात. कारण यंत्रावरचा विश्वास कितीही असला तरी दुसरा पहारा बरा, हें अनुभवानें पटलें आहे.

आपल्याकडील साध्या लहान गीझरांत हवेची साक्ष घेणारा असा पडदा बहुधा नसतो. तेव्हां तें काम घरानेंच केलें पाहिजे, आणि तें फारसें खर्चाचें नाहीं. गीझर न्हाणीघरांत न लावतां बाहेरच्या उघड्या पडवींत किंवा सज्ज्याच्या भिंतीवर लावावा आणि ऊन पाण्याची नळी तेवढी आंत न्यावी. सिलिंडर न्हाणीघरांत कधींही ठेवूं नये. गीझर आंतच असेल, तर त्याच्या धुराची नळी थेट उघड्यावर गेली पाहिजे; नुसती छताखालीं सोडलेली नळी निरुपयोगी होय. दाराच्या तळाशीं ताजी हवा येण्यास आणि वर छताजवळ जळकी हवा जाण्यास, अशा दोन कायमच्या वाटा असाव्यात. एकीनें भागत नाहीं. त्या थंडींत बुजवूं नयेत. शक्य तर पाणी बादलींत काढून घ्यावें, गीझर बंद करावा आणि मगच स्नानास बसावें. दोन स्नानांच्या मध्यें दार कांहीं वेळ उघडें ठेवावें. नवा गीझर घेतांना भारतीय मानक ब्यूरोची खूण पाहून घ्यावी. ज्योत निळी आहे कीं पिवळट झाली आहे, हें अधूनमधून पाहावें. पिवळी ज्योत व काजळी दिसूं लागली, कीं तो वापरणें थांबवून तपासून घ्यावा. ज्योत निळी आहे म्हणून खिडकी बंद केली तरी चालेल, असें मात्र मानूं नये.

स्नानास गेलेलें माणूस हांकेला ओ देईनासें झालें, तर विचार करीत बसूं नये. दार उघडावें, न उघडल्यास फोडावें. श्वास रोखून आंत जाऊन त्यास उघड्या हवेंत आणावें, गॅस बंद करावा आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तें शुद्धीवर आलें तरी दवाखान्यांत दाखविल्याशिवाय राहूं नये. घरांतील मुलांनाही हें सांगून ठेवावें, आणि जेथें गीझर आंतच आहे तेथें थंडी संपेपर्यंत स्नानाच्या वेळीं आंतून कडी न लावण्याचा रिवाज घरांत पाडावा.